दोन पेरांची माणसं

आमचे वडील लातूरला एका डाळमिलमध्ये हमाल होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं तुरीच्या भुश्शानं पिवळं झालेलं असायचं. मिलच्या मागं पत्र्याची एक खोली आणि तीत आम्ही पाच जणं. आई सकाळी दोन घरची धुणीभांडी उरकून यायची आणि मग त्याच मिलमध्ये डाळ निवडायला बसायची. खेळणी नव्हती असं मी म्हणणार नाही. रिकामं पोतं हे फार चांगलं खेळणं आहे. रंग मात्र नव्हते. शाळेत चित्रकलेच्या तासाला सर विचारायचे, "रंगपेटी?" मी उभी राहून सांगायची, "विसरले, सर." वर्षभर मी तेवढी एकच वस्तू विसरत होते. पाढे पाठ, कविता पाठ, आणि रंगपेटी तेवढी घरी. सरांनाही कळत असावं. ते फळ्याकडं वळत म्हणायचे, "बस, पुढच्या वेळी आण."

पुढं मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेणारी पहिली मीच. हे मी संधी मिळेल तिथं सांगते, आताही सांगितलं. नांदेडला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्न झालं, तेही नांदेडलाच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं माहेर धर्माबादकडचं, जिभेला धार तिकडचीच.

रंग माझ्या हातात आले ते असे. पुण्याला नोकरी करणारा माझा धाकटा दीर घर बदलताना एक खोका आमच्याकडं टाकून गेला. कसल्याशा पटावरच्या खेळाचा. आत बोटाच्या दोन पेरांएवढी राखाडी प्लास्टिकची माणसं, प्रत्येकाच्या हातात तलवार नाहीतर भाला. मी मोबाईलवर शोधलं तर कळलं, जगात लोक असली माणसं रंगवतात. मोठमोठी माणसं, नोकरीधंद्याची, डोळ्याला भिंग लावून. मी त्याच दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून सगळ्यात बारीक ब्रश आणि रंग घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "कितवीत आहे लेकरू?" मी म्हटलं, "मीच आहे ते लेकरू."

रविवारी दुपारी जेवणं झाली की मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायची. बाटलीच्या झाकणावर माणूस चिकटवायचा, झाकण धरून रंगवायचं. नांदेडच्या उन्हाळ्यात रंग ताटलीतच वाळून खडा होतो, म्हणून पोळीच्या डब्यात ओला रुमाल, त्यावर बटरपेपर, त्यावर रंग. आत्याबाईंना तो डबा गेला याचं दुःख जास्त.

"काय करून राहिलीस गं तासभर?"

"ह्याचा पट्टा रंगवतेय."

"आन् माणसाचं काय? पट्ट्यालाच तास लागला तर धोतराला आठवडा."

पण येता-जाता बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "तलवारी घेऊन ही कुणाच्या घरी चाललीत? त्यापेक्षा आपला बाजार कर की. म्हाळक्ष्म्यांपुढं मांडू."

आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात, आणि त्यांच्यापुढची आरास हा आमच्या कॉलनीत फार गंभीर मामला असतो. हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई आधी महालक्ष्म्यांना हात जोडते आणि मग आरास अशी न्याहाळते, जणू सही-शिक्का तिनंच मारायचाय. मला कल्पना आवडली. मी हो म्हटलं. आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी कॉलनीभर सांगून टाकलं, "औंदा आमच्याकडं बाजार भरणार हाय. सूनबाई करून राहिली."

आता माघार नव्हती. आणि गंमत अशी की मी तोवर हाती घेतलेलं काहीच पुरं केलं नव्हतं. खेळाच्या खोक्यातले निम्मे शूरवीर अजून राखाडीच होते.

बाजारची माणसं विकत मिळत नाहीत. मिळतात ती परदेशातली, तेवढ्याच मापाची, खेळण्यातल्या रेल्वेच्या फलाटावर उभी करायची: कोट घातलेली, हॅट घातलेली. ती मागवली. नळ बसवणारे वापरतात ती पुट्टी आणली आणि हॅटचे पटके केले, कोटाचे सदरे केले, झग्यांना काष्टे काढले. एका साहेबाच्या हातातली बॅग तोडून तिथं कडब्याची पेंढी दिली. मजा आली, खरंच सांगते. कंटाळा आला की माणूस बाजूला ठेवायचा आणि टरबुजं रंगवायची. वाळलेल्या वाटाण्याला हिरवे पट्टे ओढले की टरबूज होतं, आणि टरबूज कधी बिघडत नाही.

मग चेहरे आले. मोबाईलवरच्या व्हिडिओतले लोक अंगाच्या रंगाची तयार बाटली मिळते, तीतला रंग चेहऱ्याला लावायचे, मीही तसलीच बाटली मागवली. सगळ्यांना लावून वाळत ठेवलं. ऑफिसातून आलेल्या माझ्या नवऱ्यानं वाकून पाहिलं.

"ही मंडळी काश्मीरहून आलीत का?"

आत्याबाई चष्मा लावून आल्या. "अगं माय! सगळ्यांना ताप कामून आला?"

बघते तर खरंच. अख्खा बाजार टोमॅटोसारखा लालगुलाबी. चाकूर तालुक्यातला आमच्या मूळ गावचा बाजार करायला निघाले होते आणि त्यात एकही माणूस आमच्या रंगाचा नव्हता. मला आधी राग आला, मग इतकं हसू आलं की ब्रश खाली पडला. मग मी स्वतःचं मनगट डब्याशेजारी ठेवलं आणि त्याच्यासारखा रंग कालवला. तपकिरी, त्यात गेरू, त्यात जरासा पिवळा. मग नवऱ्याचं मनगट. मग आत्याबाईंचं.

"माझा रंग जरा उजळ धर," आत्याबाई म्हणाल्या. "हे उन्हात रापलंय. मूळचा रंग खांद्यापाशी हाय."

"तुमच्या खांद्याचं गिऱ्हाईक एक काढते, आत्याबाई."

"काढ. पण भाव करणारी काढ. मुकाट पैसे देणारी मी न्हाई."

इथवर सगळं छान चाललं होतं. अडलं ते डोळ्यांपाशी.

दोन पेरांच्या माणसाचा डोळा म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान. मी पहिल्या माणसाला डोळे काढले तर एक लातूरकडं बघतोय आणि एक नांदेडकडं. पुसले, परत काढले. तो दचकल्यासारखा दिसायला लागला. परत पुसले. रंगावर रंग चढून त्याचं तोंड पुरणासारखं फुगलं. मोबाईलवर लोकांनी काढलेले डोळे पाहिले: बुबुळ, त्यात चमक, पापणीची कड. ते बघून मी ब्रश खाली ठेवला. एवढं शिकले, पण हे काही आपल्याला जमायचं नाही, असं वाटायला लागलं. मी सगळी माणसं बुटांच्या खोक्यात भरली आणि खोका कपाटावर ठेवला. दोन रविवार तिकडं पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, "बिनडोळ्याचीच मांडू. एवढ्या लांबून कुणाला दिसतंय?"

हे आत्याबाईंनी ऐकलं. खोका खाली काढायला लावला, एकेक माणूस खिडकीपाशी धरून बघितला.

"हे चालायचं न्हाई," म्हणाल्या. "म्हाळक्ष्म्यांपुढं बिनडोळ्याचं काही मांडत न्हाईत आपल्यात. आमची सासू साधा चिंध्यांचा पोपट मांडायची तरी त्याला आधी काजळाचे डोळे काढायची. डोळे काढ, न्हाईतर बाजार ऱ्हाऊ दे. मी सांगते कॉलनीत, सूनबाईला फुरसत न्हाई मिळाली म्हणून."

ते शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला वाचवायला म्हटलं होतं. तेच मला जास्त लागलं. प्रयोगशाळेत मी कुणाचा नमुना जमत नाही म्हणून परत पाठवत नाही, आणि इथं माझ्यासाठी घरच्यांनी सबब शोधायची!

त्याच आठवड्यात मातीचे नमुने आणायला बिलोलीकडं जावं लागलं. गावात बाजारचा दिवस होता. पावसानं उघडीप दिलेली, भाद्रपदाच्या तोंडचं ते चटका देणारं ऊन. गाडीवाला चहाला थांबला आणि मी बाजारात शिरले. लोकांच्या तोंडाकडं टक लावून बघत फिरले. डोळा नेमका दिसतो कसा, एवढंच बघायचं होतं. मिरच्या विकणारी एक बाई वैतागली.

"ओ म्याडम, मिरच्या घ्यायच्यात का माझं लगीन जमवायचंय?"

"मिरच्या द्या पावशेर."

"मग खाली बघा की. मिरच्या हितं हायत."

ती कपाळावर हात धरून माझ्याकडं बघत होती आणि तिचे डोळे मला दिसतच नव्हते. दोन रेघा होत्या फक्त, कडेला सुरकुत्या. शेजारच्या कांदेवाल्याच्याही रेघाच. त्याच्याशी भांडणाऱ्या म्हाताऱ्याच्याही. मी मोबाईल उघडून स्वतःचं तोंड पाहिलं. माझेही डोळे मिचकावलेले! भर दुपारच्या बाजारात आमच्याकडं कोण डोळे टक्क उघडे ठेवून फिरतं? बुबुळात चमक असलेली ती मोबाईलवरची माणसं कुठल्यातरी ढगाळ देशातली असतील. मी उगाच त्यांचे डोळे आमच्या माणसांना लावत बसले होते.

रविवारी टेबल परत मांडलं. भुवईखाली गडद तपकिरी रंगाची एकच बारीक रेघ, नखाच्या ओरखड्यासारखी. पहिल्याला काढली आणि तो जिवंत झाला. उन्हात उभा राहून वांग्याचा भाव ऐकतोय असाच दिसायला लागला. दुसऱ्याला काढली, तिसरीला काढली. नवरा शेजारी बसून एकेकाला ओळखायला लागला.

"हा आमचा मोठा मामा. घ्यायचं काही नसतं, हात लावून बघायचं सगळ्याला."

"आणि ही?"

"ही तू. वजनाचा काटा तपासून बघतेय."

संध्याकाळी आत्याबाईंना बोलावलं. त्यांनी एक बाई उचलली, चष्मा वर-खाली केला.

"डोळे कुठं हायत?"

"ही रेघ. उन्हानं बारीक केलेत, आत्याबाई. भर दुपारचा बाजार आहे."

त्या उठून गच्चीच्या दारात गेल्या, मावळतीच्या उन्हाकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या पापण्यांना बोट लावून बघितलं. परत येऊन बसल्या.

"हायत डोळे," म्हणाल्या. "मान्य." मी श्वास सोडते न सोडते तोच त्यांचं बोट कोपऱ्यातल्या बांगडीवालीवर गेलं. "पर हिला तू पालाखाली बसवलंस. हिला ऊन कुठलं? हिचे उघड."

नवरा म्हणाला, "आई, आता एवढं एक सोड की."

"कामून सोडू? सावलीत बसून डोळे मिचकावणारी बांगडीवाली गिऱ्हाईकाला आवडते का?"

बरोबर होतं त्यांचं. मला हसू आलं, आणि हसता हसता मी ब्रश घेतला. पंधरवड्यापूर्वी असं कुणी सांगितलं असतं तर मी टेबलावरून उठले असते. आता बाकीचा सगळा बाजार मिचकावलेल्या डोळ्यांनी माझ्या पुढ्यात उभा होता आणि एकट्या एका बाईचे डोळे राहिले होते. बिघडले तर पुसू, एवढाच विचार. आधी गडद रेघ, तिच्यावर मळकट पांढरा, त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकानं काळा ठिपका. दुसऱ्या डोळ्याचा ठिपका जरा आत गेला. मी पुसायला निघाले तर आत्याबाईंनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. शेजारच्या दुकानावर नजर ठिवून हाय ती. बांगडीवालीला ठिवावीच लागते."

महालक्ष्म्या बसल्या. त्यांच्यापुढं पाटावर माती पसरून आम्ही बाजार मांडला: मिरच्या, कांदे, टरबुजं, कापडी पाल, त्याखाली बांगडीवाली आणि खांद्याच्या रंगाच्या आत्याबाई भाव करताना. हळदीकुंकवाला कॉलनी आली. बायका खाली बसून, वाकून, आपापल्या गावची माणसं त्यात शोधायला लागल्या. एका बाईला तिचा दीर सापडला, तिनं त्याचा फोटो काढून त्यालाच पाठवला. आत्याबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "नुसते हात जोडून जाऊ नका, डोळे बघा एकेकाचे. सगळ्यांना हायत."

त्या वर्षी हाती घेतलेला एक अख्खा संच मी पहिल्यांदाच पुरा रंगवला. त्यातल्या प्रत्येक माणसाला डोळे होते, आणि ते सगळे मी काढले होते.