कस्तुराबाईंचा बसलेला गळा

वरवंडच्या धनगरवस्तीत लग्नाची हळद दळायची तर कस्तुराबाई हव्यातच! त्यांनी जात्यावर सूर धरला की पुरुषमाणसंही विड्या विझवून ऐकत. आणि २००३ साली दिवाळीत लेकीचं, अंकिताचं लग्न ठरलं, तेव्हाच हा गळा बसला. अंग जड, पाय सुजलेले. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडची गोळी दिली. पण बाई गोळीवर थांबतात कसल्या! त्यांनी बिरोबाला नवस केला, आवाज येईस्तोवर रोज उपास.

उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा आणि गोडमिट्ट चहा. आवाज येईना, तसा बाईंनी संध्याकाळचा साबुदाणाही सोडला.

पौषात पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, गोळीतल्या औषधापासून शरीर कामाचं हार्मोन बनवतं. उपाशी राहिलात की ते बनणंच मंदावतं. त्यात तुमची साखर वाढलीय. या गोड, पिठूळ खाण्यानं इन्सुलिन ढीगभर तयार होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्याचाही ताप थायरॉइडला. गोळी चालू ठेवा, उपास सोडा. भाकरी, मटकी, अंडी खा."

नवस मोडायचा? बाई तडक देवळात गेल्या आणि देवालाच फैलावर घेतलं. "बिरोबा, तुला माजं उपाशी प्वाट पायजे का गानं? गानं पायजे आसंल तर म्या आजपासनं जेवनार. पयली ओवी तुजीच!"

देव काही बोलला नाही. बाईंनी तो होकार धरला आणि घरी येऊन मटकीशी भाकरी हाणली. नवरा भिमाजी बघतच राहिला. "आगं, नवस?"

"बोलून आलीया म्या देवाशी!"

वैशाखात हळदीचा दिवस उजाडला. तोवर अंग हलकं झालं होतं, बोलणंही सुधारलं होतं, पण भीतीपोटी बाईंनी एकदाही गाऊन पाहिलं नव्हतं. जात्याभोवती बायका जमल्या. बाईंनी खुंटा धरला, डोळे मिटले आणि बिरोबाची ओवी सुरू केली. आला! सूर आला, खणखणीत आला! बायका आनंदानं ओरडल्या, भिमाजी मांडवाचं काम टाकून धावत आला.

दुसरी ओवी नवरीची. अंकिताचं नाव ओठांवर आलं आणि गळा पुन्हा बंद.

"आये, काय झालं गं?" अंकिता घाबरून जवळ आली.

गळा दुखण्यानं धरला नव्हता. उद्या ही पोर सासरी जाणार होती, आणि त्यावर दौंडात काय, पुण्यातही गोळी मिळत नव्हती. बाईंनी लेकीला कुशीत ओढलं आणि रडत रडत, पण मोठ्यानं, ओवी पुरी केली.