पळून जातो : होय

संस्थेत तिला सगळे पंचनामा म्हणत. तोंडावर ताई, पाठ वळली की पंचनामा. तिला ते ठाऊक होतं. एकदा तर तिने ड्रायव्हरलाच विचारलं होतं, "हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं? आणि का?" आता बोला. असल्या बाईला टोपणनाव ठेवून तरी काय मजा?

बावन्न वर्षांची बाई, आणि त्यातली पंचवीस शिवणयंत्रावर गेलेली. संस्थेच्या कार्यशाळेला लागणारे एप्रन शिवून द्यायला ती पहिल्यांदा आली आणि दारातल्या बाकावरच बसकण मारून विचारत सुटली. ही माणसं इथे काय करतात? घरी त्यांना कोण बघतं? या एकाचाच एप्रन नेहमी डावीकडे का फाटतो? संस्थेच्या मोठ्या बाईंनी अर्धा तास उत्तरं दिली आणि शेवटी हात टेकले. "आम्हाला विचारतेस त्यापेक्षा आमच्यासाठी विचार," त्या म्हणाल्या. अशी ती नोकरीला लागली, त्याला आता सहा वर्षं झाली.

संस्थेचा व्याप मोठा. आईबाप नसलेल्या, किंवा असून नसल्यासारख्या मुलांना घर शोधून द्यायचं. मोडायला आलेल्या संसाराला टेकू द्यायचा. आणि ज्यांची बुद्धी किंवा शरीर साथ देत नाही अशा मोठ्या माणसांसाठी कार्यशाळा चालवायची. पंचनामाचं काम घरोघर जाऊन फॉर्म भरण्याचं. बत्तीस प्रश्न. झोप कशी, जेवण कसं, राग आला की काय करतो, असं सगळं. दर वर्षी नवा फॉर्म, आणि नव्या मुली काय करायच्या, तर मागच्या वर्षीचा समोर ठेवून उतरवून काढायच्या. अशी एखादी सापडली की तिची धडगत नसे. "गिऱ्हाईक कितीही जुनं असलं तरी माप नव्याने घ्यायचं," पंचनामा ऐकवायची. "जुन्या मापावर बेतलंत की कापड गेलंच म्हणून समजा." मुली मान हलवायच्या आणि ती गेल्यावर तिची नक्कल करायच्या. हुबेहूब करायच्या, हेही सांगायला हवं.

तर त्या आठवड्यात तिच्याकडे पिशवीवाल्याचा फॉर्म आला.

पिशवीवाला म्हणजे एकेचाळीस वर्षांचा थोराड माणूस. बोलत नाही. खाकी कागदाची पाकिटं अशी चिकटवतो की कड इकडची तिकडे होत नाही. खांद्याला कायम एक कापडी पिशवी, म्हणून हे नाव. आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात तो आणि त्याचे वडील. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वय चौऱ्याहत्तर. ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता रुग्णालयात पडून होते. घरी तात्पुरती आत्या येऊन राहिली होती, पण तीही फक्त रविवारपर्यंत. तिच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलं होतं.

संस्थेचं एक लहान घर होतं. अशीच सहा जणं तिथे राहायची आणि दार दिवसभर उघडं असायचं. तिथली एक खाट रिकामी होती. घड्याळवाल्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटं. काठी टेकत का होईना, बाप रोज लेकाला भेटू शकला असता. पण नियम असा होता की पळून जाण्याची सवय असलेल्याला उघड्या दाराच्या घरात घेता येत नाही. त्याला दुसऱ्या शहरातल्या बंदिस्त संस्थेत पाठवायचं. गाडीने पाच तास. मोडक्या खुब्याचा म्हातारा तिथे कितीदा जाणार होता? शुक्रवारी समिती बसणार होती आणि पिशवीवाल्याच्या फॉर्मवर सतरावा प्रश्न होता : पळून जातो का? उत्तर : होय. कंसात तीन वेळा.

"कुठे?" पंचनामाने विचारलं.

"कुठे म्हणजे?" फाईल देणारी मुलगी म्हणाली.

"अगं, पळून जातो म्हणजे कुठेतरी जात असेल ना? वाफ होऊन उडत तर नाही."

फॉर्ममध्ये 'कुठे' अशी जागाच नव्हती. चार वर्षांत कोणाला ती हवी आहे असं वाटलंही नव्हतं. पंचनामाने सोबतचे जुने कागद काढले. एकदा तो शर्टांच्या घाऊक दुकानांच्या बोळात सापडला, एकदा पुलावर, एकदा पाण्याच्या पंपघरापाशी. पोलिसांनी नाहीतर शेजाऱ्यांनी परत आणून सोडलं. तिने तारखा पंचांगासारख्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मंगळवार, गुरुवार, पुन्हा मंगळवार. सोमवार, बुधवार, शुक्रवारी तर संस्थेची गाडी त्याला कार्यशाळेत न्यायला येते. मग हा पठ्ठ्या फक्त गाडी नसेल त्याच दिवशी का पळतो? इथेच कुठेतरी पाणी मुरत होतं. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बुधवारी ती त्यांच्या घरी गेली. दोन खोल्या. भिंतीवर सात घड्याळं, सगळी एकच वेळ दाखवणारी. दाराला आतून आणि बाहेरूनही कडी, आतल्या कडीला कुलूप. किल्ली आत्याच्या कमरेला.

"उद्या सकाळी हे कुलूप काढा," पंचनामा म्हणाली. "त्याला जाऊ द्या. मी मागे मागे चालते."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? दादा तिकडे हाड मोडून पडलेत, आणि मी त्यांचा लेक हरवून बसू?"

"मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच म्हणते."

बरीच घासाघीस झाली. शेवटी आत्या म्हणाली की मग मीही येते, हरवायचंच तर तिघं मिळून हरवू.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला पिशवीवाला पिशवी खांद्याला लावून दाराकडे तोंड करून उभा होता. आत्याने कुलूप काढलं. तो लगेच निघाला नाही. आधी त्याने कडीला हात लावून पाहिला, मग आत्याकडे पाहिलं, आणि मग बाहेर पडला.

पळणं कसलं, तो तर वेळेचा हिशेब असलेल्या माणसासारखा चालत होता. मोठा रस्ता सोडून मागच्या गल्लीत शिरला. दुकानांच्या बोळात एका बंद शटरपाशी थांबला, आणि कोणाची तरी वाट बघावी तसा भिंतीला टेकून राहिला. दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागला.

आत्याला दम लागला होता, तरी ती बोलली. "वहिनी शर्टांना बटणं लावायचं काम घ्यायची. तयार माल इथेच द्यायची."

पुलावर तो मधोमध थांबला आणि कठड्यावरून खाली पाणी बघत राहिला. पंपघरापाशी नळ होता. तिथे त्याने पिशवीतून बाटली काढून भरली, झाकण नीट लावलं, पुन्हा एकदा पिळून पाहिलं. आता पंचनामाच्या लक्षात आलं. जिथे जिथे तो सापडला होता, ते सगळे थांबे होते. लोकांनी त्याला दर वेळी वाटेतच धरून परत आणलं होतं. त्याला जायचं होतं तिथे कोणी पोचूच दिलं नव्हतं.

पंपघरानंतर तो डावीकडे वळला आणि पंचनामाला रस्ता ओळखीचा वाटायला लागला. पुढचा चौक, चौकातला गतिरोधक, त्यापुढची पिवळी इमारत. ती जागच्या जागी थांबली.

चार वर्षांपूर्वीपर्यंत संस्थेची कार्यशाळा त्याच इमारतीत होती. आठवड्याचे सहा दिवस. भाडं परवडेना म्हणून ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हलवली, आणि लांब पडतं म्हणून गाडी ठेवली, तीही तीनच दिवस. इथे आता फरशांचं दुकान होतं. पिशवीवाला आत गेला, दाराच्या उजव्या हाताला वळला, खांद्यावरची पिशवी उतरवली आणि भिंतीवर अडकवायला हात वर केला. तिथे पूर्वी खुंट्या होत्या. आता गुळगुळीत फरशी. त्याने थोडं डावीकडे करून पाहिलं, मग उजवीकडे. पिशवी काही अडकेना. तो ती हातात धरून उभा राहिला.

"काय पाहिजे?" दुकानदाराने विचारलं.

"काही नाही," पंचनामा म्हणाली. "हा कामावर आलाय."

सोळा वर्षं आई त्याला या वाटेने कामावर आणायची. आई गेली, पाठोपाठ जागा हलली. त्या वेळी काही कमी गाजावाजा झाला नव्हता. पालकांची सभा झाली, सत्तावीस घरांना पत्रं गेली, पोच घेतली. आणि जी सत्तावीस माणसं रोज इथे येऊन पाकिटं चिकटवायची, त्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. एका सोमवारी गाडी आली आणि त्यांना दुसरीकडे घेऊन गेली, झालं. जगभराची काळजी वाहणाऱ्या लोकांच्या हातूनच असलं काहीतरी व्हायचं. याने बिचाऱ्याने आपल्या परीने मेळ घातला असणार. तीन दिवस गाडीने नव्या जागी, उरलेले तीन दिवस पायी जुन्या.

पंचनामाने त्याची पिशवी हातात घेतली. "जागा बदलली, दादा," ती म्हणाली. "आम्ही तुला विचारलं नाही, सांगितलंही नाही. आता सांगते." त्याला किती कळलं देव जाणे. पण तो तिच्याबरोबर बाहेर आला.

त्याला घरी सोडून ती संस्थेत आली ती संतापाने लाल होऊन. हे 'होय' पहिल्यांदा कोणी लिहिलं, त्या शहाण्याचं तोंड तिला बघायचं होतं. तिने फाईलींचं कपाट उघडलं आणि खाली बसून एकेक वर्ष मागे जात राहिली. यंदाचं 'होय' मागच्या वर्षावरून उतरवलेलं. मागच्या वर्षीचं त्याच्या मागच्यावरून. सगळ्यात खालचा फॉर्म निळ्या शाईतला होता. सतराव्या प्रश्नापुढच्या 'होय'वर लांब शेपटीची एक खूण होती, आणि अशी शेपटी संस्थेत एकाच माणसाच्या खुणेला असायची.

तिची स्वतःची.

तिला तो दिवस आठवला. जागा हलवून आठच दिवस झाले होते, खोकी उघडायची राहिली होती, आणि पिशवीवाला तिसऱ्यांदा सापडल्याचा पोलिसांचा फोन आला होता. तिने कानाशी फोन धरून दुसऱ्या हाताने खूण केली आणि पुन्हा खोकी उघडायला गेली. आयुष्यभर जगाला 'का' विचारणारी बाई, आणि त्या दिवशी एक साधा प्रश्न विचारायला तिला फुरसत नव्हती. ती कपाटासमोर फरशीवरच बसून राहिली. एका मुलीने येऊन विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

शुक्रवारी समितीपुढे तिने वाट सांगितली, थांबे सांगितले, खुंट्या सांगितल्या. समितीतल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "एका दिवसाच्या फेरफटक्यावरून चार वर्षांची नोंद खोटी कशी ठरवायची? चार वर्षं सलग 'होय' आहे."

"ती चार नाहीत, एकच आहे," पंचनामा म्हणाली. "बाकी सगळी नक्कल. आणि ते एक माझं आहे. न विचारता केलेलं."

मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "नोंद कोणाची ते सांगायलाच हवं असं नाही. नुसतं 'सुधारणा' म्हणून लिहू."

"मग उद्या पुन्हा कोणीतरी जुनीच उतरवेल."

"तू असं म्हणालीस तर तू भरलेले सगळेच फॉर्म तपासावे लागतील," डॉक्टर म्हणाले. "सहा वर्षांचे."

"तपासा," ती म्हणाली. "तपासायलाच हवेत."

पिशवीवाल्याला उघड्या दाराच्या घरात महिनाभर ठेवून बघायचं ठरलं. आणि तपासणी होईपर्यंत पंचनामाने नवे फॉर्म भरायचे नाहीत, हेही ठरलं. तिने दोन्हीवर सही केली.

तिथून ती थेट रुग्णालयात गेली. घड्याळवाले उशीला टेकून बसले होते. तिने काही हातचं न राखता सगळं सांगितलं. जागा मिळाली हे आधी सांगितलं, मग वाट, आणि शेवटी खूण कोणाची होती ते.

म्हातारा उशीवरून थोडा सरळ झाला. मग म्हणाला, "तुमचा कागद वाचूनच मी ते कुलूप आणलं."

"हो," ती म्हणाली.

"मला वाटायचं, त्याची आई गेली आणि त्याला माझ्यापाशी राहायचं नाही. गाडी नसेल त्या दिवशी सकाळी मी त्याला आत कोंडून दुकानात जायचो, आणि जिना उतरेपर्यंत तो दारावर थापा मारायचा. चार वर्षं. मी कधी मागे वळलो नाही, वळलो असतो तर मला दुकानात जाववलं नसतं." त्यांनी पांघरुणाची कड मुठीत धरली. "त्याला कामाला उशीर होत होता हो."