शाबास म्हटलं की

आमचा कुत्रा शाबासकीला घाबरतो हे मला कळलं, तेव्हा पहिला संशय मी त्याला शिकवायला येणाऱ्या माणसावर घेतला. संशय घ्यायला मला फार कष्ट पडत नाहीत. दूधवाला हसून बोलला की मी पातेल्यात वाकून बघते.

कुत्रा खरं तर मुलाचा. कॉलेजात असताना मित्रांबरोबर इगतपुरीला भटकायला गेला आणि येताना सॅकमधून एक भिजलेलं तपकिरी पिल्लू घेऊन आला. पुढे त्याला हैदराबादला नोकरी लागली. तो गेला, आणि पिल्लू आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये कुत्रा होऊन राहिलं. त्याचं नाव इथे सांगत नाही. सोसायटीने त्याला पुरेशी नावं ठेवली आहेत. त्याचा गुन्हा एकच. माणूस दिसलं की आनंदाने अंगावर उडी. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांच्यावर याने जिन्यात झेप घेतली. कठडा हाताशी होता म्हणून त्या वाचल्या. मग मीटिंग झाली आणि ठरलं, कुत्र्याला वळण लावा, नाहीतर काढून टाका.

ह्यांना तेवढंच हवं होतं. ह्यांच्या धाकट्या भावाची सिन्नरजवळ पोल्ट्री आहे. "राखणीला होईल," हे म्हणाले. ती राखण मी पाहिली होती. शेडच्या खांबाला साखळी, साखळीला कुत्रा, आणि साखळी पोहोचेल तेवढ्या गोलात गवताची काडीसुद्धा नाही. आधीच्या कुत्र्याने अख्खं आयुष्य त्या गोलात काढलं. आमचा तिथे जाऊ नये, एवढ्यासाठी मी शिकवणारा शोधला.

ओळखीतून एकजण मिळाला. तिशीचा, डोक्यावर टोपी, कमरेला कापडी पिशवी आणि तोंडात साखर. "काकू, टेन्शन नका घेऊ. लय हुशार हाय हा." पहिल्याच भेटीत इतकं गोड बोलणारा माणूस मला चालत नाही. गोगलगाय नि पोटात पाय. शिवाय त्याचा हात पिशवीकडे गेला की आमचा कुत्रा त्याच्याकडे ज्या भक्तीने बघायचा, त्या भक्तीने त्याने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. गुंगीचं काही देतो की काय म्हणून, तो पाणी प्यायला आत गेल्यावर मी पिशवी उघडून वास घेतला. उकडलेल्या कलेजीचे तुकडे निघाले. हाताचा वास साबणाने जाईना.

त्याचे नियम सोपे होते. हुकूम एकदाच द्यायचा. ऐकलं नाही तर लगेच "नो" म्हणून पट्ट्याला हलका झटका द्यायचा आणि पुन्हा करून घ्यायचं. केलं की त्याच क्षणी कौतुक. "उशिरा कौतुक केलं ना काकू, तर त्याला वाटतं भलत्याच गोष्टीचं केलं." हुकूम सगळे इंग्रजीत. मी म्हटलं, कुत्रा मराठी आहे, आपण 'बस' म्हणू या. तो हसला. "नाय काकू. तुमच्याकडं पाहुणा आला, 'बसा'. पोरं आली, 'बस रे'. फोनवर, 'बसमध्ये बसले'. त्यानं दिवसातून किती येळा बसायचं?"

हे मात्र पटलं. सिट, स्टे, नो मी मान्य केलं. पण 'गुड बॉय' काही माझ्या तोंडून निघेना. मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. बेरीज बरोबर आली की पाठीवर थाप आणि "शाऽऽबास!" कौतुकाचा मला तेवढाच शब्द येतो.

पहिल्यांदा कुत्रा माझ्या "सिट"वर बसला तेव्हा मला खरंच भरून आलं. मी म्हटलं, "शाऽऽबास!" त्याचे कान मागे गेले, शेपूट पोटात गेली आणि सगळं अंग फरशीला चिकटलं. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. शिकवणारा 'गुड बॉय' म्हणाला की हाच कुत्रा कमरेपासून हलायचा.

मनात पाल चुकचुकली. हा माणूस रोज सकाळी त्याला जॉगिंग ट्रॅककडे एकटाच घेऊन जातो. तिथे काय करतो कोणी पाहिलंय? मी कुत्र्याच्या कानामागे, पोटाखाली, मांड्यांत हात फिरवून वळ शोधले. एकही सापडला नाही. म्हणजे वळ न उठवता मारतो, अशी माझी खात्री पटली.

एका सकाळी मी त्यांच्या मागोमाग गेले आणि नारळपाण्याच्या गाडीआड उभी राहिले. उभं राहायला निमित्त हवं म्हणून नको असलेला नारळ घेतला. कुत्रा चुकला की तो "नो" म्हणायचा, पट्टा जरासा ओढायचा, थांबायचा. बसला की "गुड बॉय", कलेजी. मधेच मोबाइल बघत बसायचा, ते मला आवडलं नाही, पण मोबाइल बघणं म्हणजे मारणं नव्हे. तेवढ्यात कुत्र्याला माझा वास लागला आणि तो शिकवणाऱ्याला ओढत थेट गाडीपाशी घेऊन आला.

"काकू, तुम्ही?"

"नारळपाणी प्यायला आले."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. "एक विचारू? रागावू नका. घरात कोन मारतं का ह्याला?"

चोराच्या उलट्या बोंबा! माझा चेहरा तापला. पण तो शांतपणे म्हणाला, "नाय, काल मी मुद्दाम तुमच्यासारखं शाबास म्हणून पाहिलं. तर माझ्यापुढं पन दबला. आपल्याकडं तर तो शब्दच नाय."

मी नारळ तिथेच ठेवून घरी निघाले. रस्ताभर मात्र त्याचा प्रश्न माझ्याबरोबर चालत होता. घरात माणसं दोन. मी हात लावत नाही. राहिले हे.

तेव्हापासून मी स्वतःच्या नवऱ्यावर पाळत ठेवली. हे अंबडच्या एका कारखान्यात फोरमन. यंत्रांच्या आवाजात बोलून बोलून आवाज दणदणीत झालेला, पण हात उचलणारा माणूस नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बघायची. हे कुत्र्याला मारणं सोडाच, त्याच्याशी बोलतही नव्हते. उलट एकदा टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकवताना दिसले. माझ्या संशयाला कुठे टेकायला जागा उरली नाही, आणि त्याने मी जास्तच चिडले.

मग एका संध्याकाळी जेवताना मी ह्यांना सांगत होते की खालच्या काकू आज शेजारून जिना उतरून गेल्या, कुत्रा बसल्या जागचा हलला नाही, काकू स्वतः सेक्रेटरींना जाऊन सांगून आल्या. हे टीव्हीवर बातम्या बघत होते. मान न वळवता म्हणाले, "बास."

टेबलाखाली कुत्रा सपाट झाला. कान मागे, शेपूट पोटात.

शाऽऽबास. बास. माझ्या तोंडून 'शा' लांबायचा आणि 'बास' ठणकन पडायचा, वर्गात पडायचा तसाच. सापडला चोर, असं वाटून मी ह्यांच्याकडे बघणार, एवढ्यात लक्षात आलं की कुत्रा ह्यांच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. माझं वाक्य अर्ध्यात थांबलं होतं. आमटीची वाटी भरता भरता पळी पुन्हा पातेल्यात गेली होती. मान खाली होती. ह्यांनी त्याला तो शब्द कधीच म्हटला नव्हता. तो मला म्हटलेला होता, रोज, आणि त्यावर काय करायचं असतं ते कुत्रा माझ्याकडे बघून शिकला होता.

मला लाज वाटली आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला.

"सोसायटीचं सोसायटीपाशी," हे म्हणाले. "मला घरात कुत्रा नको. उद्या भाऊ टेम्पो घेऊन नाशकात येतोय, त्याच्याबरोबर पाठवून देऊ. बास. विषय संपला."

"संपलेला नाही," मी म्हणाले. आवाज फाटला.

ह्यांनी मान वळवली. "काय?"

"तो सिन्नरला जाणार नाही. भाऊजींना मी आत्ता फोन करते."

"अगं, बास म्हटलं ना!"

कुत्रा पोटावर सरपटत माझ्या पायांशी आला आणि वर बघू लागला. त्याला माझ्याकडूनच कळायचं होतं. मी गप्प बसले असते तर तोही जन्मभर तेच करत राहिला असता, आणि उद्या टेम्पोतही तसाच मुकाट चढला असता. मी ह्यांच्यासमोरच फोन लावला, कुत्रा येत नाही म्हणून सांगितलं आणि ठेवला. त्यावर हे काही म्हणायच्या आत मी बोलायला लागले. सिन्नरच्या खांबापासून सुरुवात झाली आणि कुत्र्याशी काडीचा संबंध नसलेल्या कुठल्या कुठल्या वर्षांपर्यंत गेली. मधे ह्यांनी आणखी एकदा "बास" म्हणून पाहिलं, मग टीव्हीचा आवाज बंद केला, मग टीव्हीच बंद केला. आमटीवर साय धरली. मी बोलतच होते. बऱ्याच वेळाने पाय बधिर झाला म्हणून खाली बघितलं, तर माझ्या पावलावर डोकं टाकून कुत्रा गाढ झोपला होता.