भूत नाही म्हणणारे पाळक

मामा गेल्याची तार भंडाऱ्यात माझ्या हातात पडली, तेव्हा रडू नाही आलं, किळस आली. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात... पण या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत त्यांचे गोडवे छापून आलेत, आणि आता मला गप्प बसवत नाही.

मामा नाकाडोंगरीजवळच्या आमच्या लहानशा चर्चचे पाळक. भुताला भिणाऱ्यांची भारी टिंगल करायचे. "अरे, मेलेला मानूस एक तर देवाजवळ, नाई तर नरकात. मधात भटकाले जागाच कुठं हाय?" जुन्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूंचं हे म्हणणं त्यांना तोंडपाठ. त्यांच्यामुळेच मी स्मशानाच्या वाटेनं बिनधास्त जायला शिकलो, हे नाकारत नाही. पण त्याच धर्मगुरूंच्या पुस्तकांत सैतानाशी करार करणाऱ्या बायकाही होत्या. त्या मात्र मामांनी खऱ्या धरल्या.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी गावात हगवणीनं दोन लेकरं दगावली. करणीचा संशय सगुणाबाईवर. विधवा बाई, चर्च झाडायची. भगताला पुढे घालून गाव अंगावर आलं तशी धावत मामांकडे आली. मामांनी भगताला दारातून हाकललं, मला केवढा अभिमान वाटला! मग दार लावून तिलाच म्हणाले, "सगुणा, करणी केली असन तर कबूल कर. देव माफ करते."

"म्या काई नाई केलं जी."

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी तिनं थकून मान डोलावली. कबुली मी लिहिली, माझं अक्षर चांगलं म्हणून. ती खोटं बोलतेय हे लिहितानाच कळत होतं. शी! रविवारी मामांनी तो कागद भर उपासनेत वाचला, डोळे पुसत तिला क्षमा केली. गावाला आयता पुरावा मिळाला. दुपारपर्यंत तिचं घर फोडून तिला हाकललं. "आपन तर माफ केलं होतं," मामा म्हणाले, आणि जेवायला बसले.

सगुणाबाई आता लाखांदूरला लेकीकडे असते. त्या कबुलीपायी नातीची सोयरीक दोनदा मोडली. शोकसभेनंतर एसटी धरून मी तिच्याकडे गेलो, मामा गेल्याचं सांगितलं.

"मरताना तरी बोलले का जी, सगुणानं काई केलं नोहतं म्हनून?"

"नाही."

"मंग आता कोन सांगन?"

शोकसभेत मी पंधरा मिनिटं बोललो होतो. तिचं नाव घेतलं नव्हतं.