कपाटाची नोंदवही

तलावाचं दुसरं वळण आलं तरी भावोजी गप्पच होते, तेव्हा वहिनींनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. एरवी पहिल्या वळणापर्यंत आठवडाभरात अडकलेल्या सगळ्या लिफ्ट सांगून झालेल्या असायच्या. कोण आत अडकलं, कोण कोणावर डाफरलं, बाहेर आल्यावर कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

खरं तर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं ते वहिनींच्या नवऱ्याला. चार वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत डाग निघाला, चार महिने औषधं झाली, डाग गेला आणि डागाबरोबर चालणंही गेलं. आता रविवारी सकाळी ते पेपर वाचतात आणि चालतात ती ही दोघं, बायको आणि धाकटा भाऊ. वहिनी मनात नाम घेत चालायच्या, त्यामुळे भावोजींच्या गोष्टींना अधूनमधून "हं" एवढंच मिळायचं. त्यांनाही तेवढं पुरायचं.

भावोजी लिफ्ट मेकॅनिक, एकतीस वर्षं झाली. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी लिफ्टच्या दाराच्या आवाजाला कान लावतील, मग यजमानांना नमस्कार करतील. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "वर-खाली करण्यातच दिवस गेले." राहतात वहिनींच्या खालच्या मजल्यावर, जेवायला वर येतात. त्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर एक जुना, स्क्रीन फुटलेला लॅपटॉप रात्रंदिवस चालू असतो. त्यावर चिठ्ठी आहे, 'बंद करू नये. विचारूही नये.' त्या लॅपटॉपात सगळ्या घराचं 'कपाट' आहे.

कपाट हा त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम. घरातले फोटो, दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यात. आपल्या घरच्या वस्तू परक्या कंपनीच्या माळ्यावर कशाला ठेवायच्या, असं म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ते सुरू केलं. असे वेडे आणखीही निघाले आणि त्यांचा ग्रुप जमला. दीडशे माणसं आहेत. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत भेटतात आणि भांडतात. कॉम्प्युटर भाड्याचा असला तर त्यावरचं सामान घरचं धरायचं की नाही, यावर तीन बैठका झाल्या. वहिनी एकदाच गेल्या होत्या. "लग्नाच्या बोलणीतसुद्धा इतकं ताणत नाहीत," म्हणून परत आल्या.

ग्रुपमधला सगळ्यात कडक नियम मात्र भावोजींनीच आणलेला. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम इतरांना द्यायचा, तर तो आतून उघडा, म्हणजे कसा लिहिलाय ते कोणालाही वाचता येईल असा हवाच, पण पहिल्या दिवसापासूनच्या नोंदीही हव्यात. कधी काय बदललं, का बदललं. हे ते लिफ्टकडून शिकले होते. लिफ्टच्या मशीनरूममध्ये खिळ्याला वही टांगलेली असते. दुरुस्ती केली की तीत लिहायचं, आणि काही झालं तरी पान फाडायचं नाही. कारण त्या वहीच्या भरवशावर उद्या दुसरा माणूस खाली खड्ड्यात उतरणार असतो.

"आज संध्याकाळी कपाट उघडं करायचं कबूल केलंय," भावोजी शेवटी म्हणाले. "बारा कुटुंबं वाट बघतायत."

"मग करा की. पुण्याचं काम आहे."

"नोंदींसकट करावं लागेल."

"बरं, नोंदींसकट."

"नोंदींत तुम्ही आहात, वहिनी."

वहिनींचं नाम थांबलं. पुढच्या बाकावर त्या बसल्या, चष्मा लावला आणि हात पुढे केला. भावोजींनी नोंदी उघडून फोन दिला.

'वहिनी पासवर्ड विसरल्या. तिसऱ्यांदा. आठवण करून देणारा प्रश्न टाकला.'

'वहिनी प्रश्नाचं उत्तर विसरल्या.'

'वहिनींनी इस्त्रीसाठी प्लग काढला. कपाट चाळीस मिनिटं बंद. बॅटरी जोडली. वहिनींना काही बोललो नाही.'

"बोलला नाहीत? दोन दिवस तोंड फुगवून जेवत होतात."

"तेही लिहिलंय. खाली आहे."

वहिनींना हसू आलं. हे जगाने वाचलं तरी त्यांची काही हरकत नव्हती. त्या अंगठ्याने वर सरकवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

'दादाचे रिपोर्ट आईला दिसता कामा नयेत, असं वहिनी म्हणाल्या. प्रत्येक कागदाला "हे कोणी बघायचं" असा खण केला.'

सासूबाई आता ब्याऐंशीच्या. नातवंडांचे फोटो बघायला रोज कपाट उघडतात. आपल्या मुलाच्या छातीत डाग होता, हे त्यांना अजून माहीत नाही. खोकला जात नाही, एवढंच त्या चार महिन्यांत त्यांना सांगितलं होतं. वहिनींनी रोज देवाची माफी मागितली आणि रोज तेच सांगितलं.

"ताई आहेत ना तुमच्या ग्रुपात?" त्यांनी नणंदेचं विचारलं.

"आहे. आणि ती शब्दन् शब्द वाचते."

"म्हणजे रात्रीच्या जेवणापर्यंत आईंना कळेल."

"त्या बारा कुटुंबांना नेमका तोच खण हवाय," भावोजी म्हणाले. "कोणाला काय दिसावं, तो. बाकी कपाटात विशेष काही नाही."

"मग एवढी नोंद काढा."

"पान फाडू? मी? मागच्या वर्षी त्या दातांच्या डॉक्टरांना मी सगळ्यांसमोर बोललो. त्यांनी प्रोग्रॅम आणला होता, पण जुन्या नोंदी पुसून. म्हटलं, दिवाणखाना दाखवताय, मग मोरीला कुलूप कशाला? सगळे हसले. त्यांनी प्रोग्रॅम परत नेला. त्यानंतर ते आलेच नाहीत. आता मी कुठल्या तोंडाने पुसू?"

वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुमच्या लिफ्टच्या वहीत काय लिहिता हो?"

"काय बिघडलं, काय बदललं, तारीख, सही."

"आत कोण अडकलं होतं ते?"

"ते कशाला?"

"मला तर दर रविवारी सांगता. कोण रडलं, कोण कोणाबरोबर होतं."

"तुम्हाला सांगतो. वहीत कसं लिहीन? ती लिफ्टची वही आहे."

"आणि ही कपाटाची आहे ना? मग खण केला, एवढं लिहून थांबायचं होतं. देवाला सगळं ठाऊक असतं, म्हणून दीडशे जणांना ठाऊक असायला हवं असं नाही, भावोजी. तुम्ही दार उघडताय, पण आत आम्ही कपडे बदलतोय."

भावोजी शेजारी बसले. मग एकदम म्हणाले, "त्या डॉक्टरांना का पुसायला लागलं असेल?"

"विचारलं होतंत?"

"नाही. नियम वाचून दाखवला होता."

"मग आता विचारा. फोन माझ्याच हातात आहे."

वहिनींनी फोन लावून स्पीकरवर धरला. डॉक्टरांनी लगेच उचलला. "बोला, कुठला दात?"

"दात नाही. जुनी गोष्ट आहे." भावोजींचा आवाज खाली आला होता. "तुमच्या त्या नोंदींत काय होतं?"

"पेशंट होते," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्यात वापरता वापरता लिहिला होता ना तो. कोणाची कवळी कोणापासून लपवायची, कोणाला कसला आजार, सगळं त्यात."

"मग तेव्हाच सांगायचं."

"सांगायला लागलो होतो. तुमची मोरी मधे आली."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. भावोजी उठून उभे राहिले, जणू डॉक्टर समोरच होते. "चुकलं माझं. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर तसं म्हणतो. नियम बदलायलाही मीच सांगणार. तुम्ही याल का?"

"बघतो," डॉक्टर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "येतो. आणि तुमचा पुढचा दात दाखवून जा एकदा. बोलताना शिट्टी वाजते."

उरलेलं वळण भावोजी भराभर चालले, वहिनींना मागे टाकून. मग थांबले. प्रोग्रॅम आज पूर्ण उघडा करायचा, जुन्या नोंदी घरीच ठेवायच्या आणि आजपासून वहीत फक्त कपाटाचं लिहायचं, एवढं त्यांचं ठरलं होतं. तरी काहीतरी अडत होतं.

"पान फाडलं, हे लपवायचं नाही मला," ते म्हणाले. "प्रोग्रॅमच्या वर एक पान जोडतो आम्ही, 'आधी हे वाचा' म्हणून. त्यात सांगायला हवं की अकरा वर्षांच्या नोंदी का नाहीत. आईचं नाव न घेता, खोटं न बोलता. मी लिहिलं तर अर्ज केल्यासारखं होईल. घरी जाईपर्यंत सुचलं तर बघा, वहिनी. ते पान तुम्ही लिहून द्या."