आपांचा शिक्का

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपाल आपा आलेलं काहीही परत पाठवत नसत. "पाहुण्याला उंबऱ्यावरनं फिरवतात काय?" म्हणत आणि शिक्का आपटत: 'दाखल'. एकदा शेजारच्या बँकेचा पंखा चुकून आमच्याकडे उतरला, तोही दाखल झाला.

मीही तसाच चुकून आलेला. नव्या सिव्हिल शाखेसाठी 'स्थापत्याची पुस्तकं निवडणारा जाणकार हवा' अशी जाहिरात होती. माझं एम.ए. मंदिर-स्थापत्यातलं. मुलाखतीत मी शिखरांवर बोललो, कुणाला काही कळलं नाही, नेमणूक झाली. पहिल्याच दिवशी कुलसचिवांनी सिमेंटबद्दल विचारलं आणि माझं पितळ उघडं पडलं. "याला घरी पाठवा," ते म्हणाले. आपांनी माझ्या अर्जावर शिक्का हाणला. "दाखल झाला, साहेब. आता न्हाय जायाचा."

"ठीक आहे, पण तपासणी समितीनं नाक मुरडलं तर हा त्याच दिवशी घरी!" साहेब गरजले.

पत्रव्यवहार मराठीतच करा, असा कार्यालयाचा हुकूम. मी पुस्तकविक्रेत्याला विषय कळवले: पाया, सांधे, ताण, आधार. खोक्यातून निघालं पायासूपच्या पाककृतींचं पुस्तक, सांधेदुखीवरचे व्यायाम, ताणमुक्ती आणि आधार कार्ड दुरुस्तीची पुस्तिका. मी घाईघाईनं खोकं पुन्हा बांधू लागलो. आपांनी सुतळी ओढून घेतली आणि चारही पुस्तकं सिव्हिलच्या कपाटात लावली. "बकरी ईदला घरी ये, मग सांग कुठला पाया पक्का!"

समिती आली. रेवदंड्याच्या रस्त्यानं अध्यक्षांची हाडं खिळखिळी केली होती. "सांध्यांवर काय आहे?" त्यांनी विचारलं. त्यांना तुळई आणि खांबाचे सांधे अभिप्रेत होते. आपांनी शांतपणे व्यायामाचं पुस्तक पुढे केलं. थोड्या वेळानं अध्यक्ष कपाटाला धरून एका पायावर उभे होते. 'संग्रह अत्यंत उपयुक्त,' असा शेरा मिळाला आणि मी राहिलो.

सिमेंटची पुस्तकं पुढे आली, मीही ती वाचायला शिकलो. आपा मात्र निवृत्त होऊन आपल्या गावी, आगरदांड्याला निघाल्या. निरोपाच्या दिवशी मला भाषण सुचेना. रिक्षा फाटकाशी आली तसा मी धावत गेलो आणि त्यांच्या तळहातावर शिक्का मारला: 'दाखल'.

"आता कसं जाल, आपा?" मी विचारलं.

त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला. "वाकडा मारलास रे," म्हणाल्या. शाई फिसकटू नये म्हणून तो हात रिक्षाबाहेर वाऱ्याला धरून त्या गेल्या.