जपानी माणसाची खोली

आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहून जपानची काळजी करणारा माणूस आमच्या डोंगरात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा होता. आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत बाकीचे लोक आभाळाकडे बघत. ताईचे सासरे पोस्टमनच्या वाटेकडे बघत. सरकारकडे अर्ज करून आपल्या शेतावर कामाला एक जपानी शेतकरी आणवायचा, असे त्यांनी ठरवले होते, आणि ठरवलेली गोष्ट सोडून देण्याची त्यांना सवय नव्हती.

याचे मूळ राजवाड्यात होते. जव्हारला संस्थान होते तेव्हा, ऐन उमेदीत, त्यांनी राजवाड्याच्या कामावर बैलगाडीने दगड वाहिले होते. तिथे त्यांनी कुठकुठचे पाथरवट आणि सुतार आलेले पाहिले. ते कारागीर काम संपवून गेले, पण त्यांच्या हाताखाली राबलेली आपली चार माणसे पुढे स्वतः दगड घडवू लागली. हे त्यांच्या मनात कायमचे बसले. “माणूस जातो रे, पण हात ठेवून जातो,” असे ते सांगत. पुढे संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना फारसे वाईट वाटले नाही. अर्ज जव्हारऐवजी ठाण्याला करायचा, एवढाच फरक त्यांनी लक्षात घेतला. मग जपानी भातशेतीचा प्रचार सुरू झाला. खोडाळ्याच्या बाजारात एका भिंतीवर तिचे चित्र लागले. ते चित्र त्यांनी इतका वेळ पाहिले की घ्यायला आलेले मीठ विसरून घरी परतले. पद्धत जपानची, तर शिकवणारा माणूसही जपानचाच पाहिजे, हे त्यांना उघड दिसत होते. “बाजारातून बैल आणायचा, तर नुसती त्याची चाल आणतो का आपण?” असे ते विचारत.

अर्ज मी लिहीत असे. पोशेऱ्याच्या आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिलाच, त्यामुळे साऱ्या सोयऱ्यांचे लिखाण माझ्याकडे येई. पण ताईच्या सासऱ्यांचा अर्ज लिहिणे म्हणजे वकिली होती. परदेशातून कसबी माणूस आणणे कसे फायद्याचे आहे, हे ते कलमवार सांगत. पहिले कलम असे की जपानी माणूस भातच खातो, तेव्हा त्याच्या जेवणाची वेगळी तजवीज नको. दुसरे, एक माणूस एका आवणीत दहा जणांना शिकवील, ते दहा पुढच्या साली शंभरांना, आणि मग त्याला सन्मानाने परत पाठवता येईल. तिसरे कलम त्यांचे लाडके होते. आपली माणसे ऐन कामात सोयऱ्यांच्या लग्नाला आणि बारशाला निघून जातात. जपान्याचे सोयरे समुद्रापलीकडे, तो जाईल कुठे? हे ऐकून ताई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “मामंजी, एकट्या बाप्याला करमेल का?” त्यावर ते मला म्हणाले, “लिही, चौथं कलम. लग्न हवं असंल तर आम्ही लावून देऊ.” तिसरे आणि चौथे एकमेकांशी भांडत आहेत, हे पाचवे कलम मला सुचले होते, पण ते सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

हाच विचार ते बाजारात मांडत, पंगतीत मांडत, एकदा तेराव्यालाही मांडला. नुसते बोलून ते थांबले नाहीत. ओटीचा एक कोपरा कुडाने बंद करून त्यांनी जपानी माणसासाठी खोली केली. परक्या माणसाला उजेड लागतो म्हणून तिला खिडकी ठेवली. त्या घरातली ती एकमेव खिडकी. आत बाज, मच्छरदाणी, आणि खुंटीवर दांड्याचा मग. त्या खोलीत कुणी निजायचे नाही. पाहुणे ओटीवर एकमेकांना लागून झोपत आणि खोली मोकळी राही. “आबा, आज थंडी फार हाय,” असे मी एकदा सुचवून पाहिले. ते घोंगडी देत म्हणाले, “तू पाहुणा हायस, पण जपानी नायस.”

तीन वर्षे अर्ज गेले. चौथ्या वर्षी आवणीच्या तोंडावर निरोप आला की भातशेतीची जपानी पद्धत शिकवायला माणूस येत आहे. ताईच्या सासरच्या पाड्यात बातमी पोचेपर्यंत ‘पद्धत’ वाटेतच गळून पडली होती. ढोल निघाला. बांधावर सगळा पाडा जमला. आले ते शेतीखात्याचे एक तरुण अधिकारी, पुण्याकडचे, अंगावर रेनकोट आणि हातात गाठी मारलेली दोरी. ते दोरीपाशी उभे राहून बोलू लागले, “दोन रोपांमधील अंतर समान राखावे. रोपांच्या जागी पालापाचोळा जाळून राब भाजण्याची प्रथा त्याज्य समजावी.” माणसे मन लावून ऐकत होती. साठ पावसाळे आवणी केलेली भिकीआजी माझ्या कानाशी लागली, “जपानी माणूस बरा बोलतो रं. निम्मं कळतं.”

ताईच्या सासऱ्यांनी पुढे होऊन एकेक शब्द सुटा करत विचारले, “जपानात. पाऊस. कसा हाय?”

अधिकारी गोंधळले. “मी सासवडचा,” ते म्हणाले.

सासऱ्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि मान खाली घातली. पण माणूस भला. त्यांनी ढोल थांबवू दिला नाही. अधिकाऱ्यांना पोटभर जेवू घातले. खोली मात्र दाखवली नाही.

दुपारभर मी दोरीच्या एका टोकाशी होतो. अधिकारी बोलत, मी ते पाड्याच्या बोलीत सांगे, भिकीआजी विचारी, “राब नाय भाजला तर तण कोण मारील, हा?” आणि मी ते त्यांच्या भाषेत सांगे. मराठीतून मराठीत असे भाषांतर करताना मला हसू येत होते. ताईचे सासरे हसत नव्हते. ते बांधावर बसून नुसते माझ्याकडे बघत होते.

त्या वेळी मोखाड्याच्या कचेरीत मला कारकुनाची जागा मिळत होती आणि आठ दिवसांत हजर व्हायचे होते. दुसऱ्याच दिवशी ताईचे सासरे डोंगर चढून पोशेऱ्याला आमच्या घरी आले. वडिलांसमोर बसून त्यांनी आपली कलमे पुन्हा मांडली, या वेळी जपान्याच्या जागी मला घालून. “त्या सायबाचं हितल्या माणसांना कळत नाय, ह्यांचं त्याला कळत नाय. ह्याला दोघांचं कळतं. ह्याला पुण्याला शेतीच्या कालेजात धाडा.”

“दारात आलेली नोकरी सोडायची?” वडील म्हणाले. “आणि खाईल काय तिथं?”

“भात माझा. नागलीही माझी.”

“पण याहीबुवा, माणूस बाहेरून आणायचा म्हणत होता ना तुम्ही?”

“तेच तर सांगतो. आपलाच माणूस बाहेर धाडू, नि बाहेरून आणू.”

तिसऱ्या दिवशी वडिलांनी माझी वळकटी बांधली. मी कचेरीत हजर झालो नाही. शिक्षण संपेपर्यंत प्रत्येक सुट्टीनंतर मी तांदळाची गोणी आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा डबा घेऊन पुण्याला गेलो. वसतिगृहातली मुले माझ्या काळ्या भाकरीला हसत आणि मग मागून खात.

पदवी घेऊन मी जव्हारला एसटीतून उतरलो तेव्हा ढोल वाजत होता. मला वाटले, कुणाचे लग्न असेल. ताईच्या सासऱ्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. घरी नेल्यावर मी सवयीने ओटीवर वळकटी टाकली, तर त्यांनी ती उचलून त्या खोलीत नेली. खिडकी उघडली, खुंटीवरचा मग पुसून माझ्या हातात चहा दिला आणि समोर जमिनीवर बसून म्हणाले, “हां, आता बोल.” मी रोपांसाठी उंच केलेल्या गादीवाफ्यांविषयी बोललो. दाराशी बसलेली भिकीआजी शेवटी म्हणाली, “पोर चांगलं शिकलं. आता ह्याचंही निम्मंच कळतं.” सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागले. पुढची कित्येक वर्षे तिचे ते निम्मे परत मिळवण्यात गेली. ताईचे सासरे तेवढे मनापासून खूश होते. माल अस्सल बाहेरचा असल्याची त्यांना खात्री पटली होती.

त्यांच्या शेतात मी दोरी लावली. तिचे दुसरे टोक त्यांनी कुणाला धरू दिले नाही.

ते गेल्यावर ताईने त्यांच्या पेटीतले कागद माझ्यापुढे ठेवले. सगळ्या अर्जांच्या नकला माझ्याच अक्षरातल्या होत्या. एकच वेगळी होती. खोडाळ्याच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेली, माझ्या नकळत. खाली त्यांचा अंगठा होता. ‘मागणी केलेला माणूस मिळाला. काम चांगले आहे. तरी आता दुसरा पाठवू नये, ही विनंती.’

मी त्यांचे इतके अर्ज लिहिले, पण एवढा छोटा आणि एवढा चांगला मसुदा मला एकदाही जमला नव्हता.